जबड्याची शस्त्रक्रिया व मुखचर्येंतील पालट

प्रतिवर्षीं शाळेच्या वार्षिकांत प्रत्येक वर्गाचें छायाचित्र छापलें जातें. तें हातीं येतांच आपण प्रथम काय पाहतों? आपला स्वतःचा चेहरा. तो कसा आला आहे, डोळे मिटले तर नाहींत ना, ह्याची खातरजमा झाली म्हणजे मग मित्रांकडे दृष्टि वळते. परंतु बारकाईनें पाहिल्यास अशा छायाचित्रांत पुष्कळदां एखादा विद्यार्थी आढळतो कीं, ज्यानें मान खालीं घातली आहे, किंवा पुढच्या मुलाच्या खांद्याआड हनुवटी लपविली आहे. एखादी विद्यार्थिनी आढळते कीं, जिनें ऐन वेळीं ओढणीचें टोंक ओंठांवर धरलें आहे. डोळे पाणीदार असतात, बुद्धि तल्लख असते. पण खालचा जबडा फार पुढें आलेला असतो, किंवा मागें दबलेला असतो, किंवा ओंठ मिटतां मिटत नाहींत. वर्गांत अशा मुलाला ‘दांतऱ्या’ किंवा ‘चोंच्या’ असें टोपणनांव पडलेलें असतें. नांव ठेवणारे तें लवकरच विसरतात; ज्याला तें पडतें तो विसरत नाहीं. अशा मुलांसाठीं आजचें वैद्यक काय करूं शकतें, तें केल्यानें चेहरा कसा पालटतो, आणि काय पालटत नाहीं, हें समजावून सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं खुलताबादचा भद्रा मारुति पाहिला असेल. इतरत्र उभा दिसणारा मारुति तेथें निजलेला आहे. ह्या देवाचें एक नांव जबड्यावरूनच पडलें आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संस्कृतांत ‘हनु’ म्हणजे जबडा. आपला ‘हनुवटी’ हा शब्दहि त्याच घराण्यांतला. वाल्मीकीच्या रामायणांतील कथेप्रमाणें बाल मारुतीनें उगवत्या सूर्यास फळ समजून आकाशांत झेप घेतली, इंद्रानें त्याच्यावर वज्र टाकलें, तो पर्वतावर कोसळला आणि त्याची डावी हनु भंगली. म्हणून तो हनुमान. कथा ती कथाच. पण तिच्यांत एक निरीक्षण अगदीं खरें आहे. बाळपणीं जबड्याला झालेली इजा मोठेपणीं चेहऱ्यावर उमटते. हें कसें घडतें तें कळण्यासाठीं आधीं चेहऱ्याची रचना पाहूं.

चेहरा म्हणजे कातडी, मांस आणि वर्ण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तंबूचें कापड जसें आंतील खांबांवर ताणलेलें असतें, तशीच चेहऱ्याची त्वचा आंतील हाडांवर ताणलेली असते. खांब हालला कीं कापडाची ठेवण बदललीच. मनुष्याच्या कवटीचीं मुख्य हाडें २२. त्यांपैकीं १४ चेहऱ्याचीं. ह्या सर्वांत हालणारें हाड एकच, तें म्हणजे खालचा जबडा. घरचें जातें किंवा आपल्या शहरांतील पाणचक्की डोळ्यांपुढें आणा. जात्याचा खालचा दगड स्थिर असतो आणि वरचा फिरतो. तोंडांतील जातें ह्याच्या अगदीं उलट आहे. वरचा जबडा कवटीशीं घट्ट जडलेला, आणि खालचा दोन्ही कानांपुढील सांध्यांत टांगलेला. कानाच्या पुढें बोट ठेवून तोंड उघडा व मिटा. सांधा सरकत असतांना तुमच्या बोटास लागेल. जात्याचे दोन दगड नीट बसले नाहींत तर पीठ जाडेंभरडें येतें. तसेंच दोन्ही जबडे एकमेकांवर नीट बसले नाहींत तर घांस चावतां येत नाहीं, ‘स’सारखे वर्ण स्वच्छ उमटत नाहींत, आणि कांहीं जणांस झोंपेंत श्वासहि पुरा मिळत नाहीं. निरोगी तोंडांत वरचे पुढचे दांत खालच्या दांतांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढें असतात. हें अंतर ज्वारीच्या एका दाण्याहूनहि कमी आहे. परंतु चेहऱ्याची पुष्कळशी शोभा ह्याच अंतरावर अवलंबून असते.

आपल्या जिल्ह्यांतील वेरूळ आणि अजिंठा येथील मुखें पाहून आपण मुग्ध होतों. मुखाचें प्रमाण हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत मूर्तीच्या चेहऱ्याची लांबी बारा अंगुळें धरली असून कपाळ, नाक आणि हनुवटीचा भाग ह्यांस प्रत्येकीं चार अंगुळें दिलीं आहेत. आजचा शल्यवैद्यहि चेहऱ्याचे असेच तीन भाग कल्पितो: केसांच्या रेषेपासून भुंवयांपर्यंत एक, भुंवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत दुसरा, आणि तेथून हनुवटीच्या टोंकापर्यंत तिसरा. तिसरा भाग संपूर्णपणें व दुसरा बराचसा जबड्यांच्या हातीं आहे. तथापि मूर्ति आणि मनुष्य ह्यांत फरक आहे. कोणत्याहि जिवंत माणसाचे तिन्ही भाग तंतोतंत सारखे नसतात, आणि चेहऱ्याच्या दोन बाजूहि एकसारख्या नसतात. तेव्हां मापपट्टी घेऊन आरशापुढें बसण्याचें कांहीं कारण नाहीं. जबड्याचें काम बिघडलें आहे काय, हा पहिला प्रश्न होय. रूपाचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

जबडे असे विसंगत कां होतात? पहिलें कारण आनुवंशिक. युरोपांतील हॅब्सबर्ग राजघराण्यांत पुढें आलेला खालचा जबडा पिढ्यानपिढ्या चालत आला. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) ह्याचीं चित्रें पाहणारास तो तत्काळ ओळखतां येतो. जवळच्या नात्यांत वारंवार झालेले विवाह हें त्या घराण्याच्या अनेक व्यंगांचें कारण मानलें जातें. दुसरें कारण संवयीचें: मोठेपणापर्यंत अंगठा चोखणें, किंवा नाक चोंदलेलें राहिल्यामुळें सदा तोंडानें श्वास घेणें. ह्या दोहोंमुळें वाढत्या हाडांना व दांतांना अयोग्य वळण लागूं शकतें. राहिलीं दोन कारणें, पडण्याचें व जन्मतः ओंठ-टाळू दुभंगलेली असण्याचें. हीं दोन्ही आपल्या भागांतील पालकांनीं नीट समजून घेण्यासारखीं आहेत.

मूल गच्चीवरून, झोंपाळ्यावरून, सायकलीवरून किंवा झाडावरून हनुवटीवर आपटतें. हनुवटी फुटते, रक्त येतें, दवाखान्यांत दोन टांके पडतात, आणि घरचे म्हणतात, ‘थोडक्यांत निभावलें!’ परंतु हनुवटीवर बसलेला धक्का हाडांतून मागें जाऊन कानापुढील सांध्यापाशीं पोंचतो. तेथील हाडाची मान बारीक असते. ती मोडते, आणि मोडलेली कोणाला कळतहि नाहीं. सांध्यांत रक्त सांचतें. दुखतें म्हणून मूल तोंड उघडण्याचें टाळतें. आणि कांहीं मुलांच्या बाबतींत महिन्यांमागून महिने जातां जातां त्या जागीं हाडाशीं हाड जुळून सांधा नाहींसा होतो. मग तोंडांत चमचादेखील जात नाहीं. वाढत्या वयांतील ह्या सांध्याची इजा खालच्या जबड्याची वाढहि खुंटविते. एका बाजूचा सांधा बिघडला तर हनुवटी त्या बाजूस वळते. दोन्ही बिघडले तर हनुवटी मागें राहून चेहरा पक्ष्यासारखा दिसूं लागतो. ‘चोंच्या’ हें नांव ठेवणारास हें सर्व ठाऊक नसतें. ज्याला आपण कुरूप म्हणतों, तो कित्येकदां केवळ लहानपणीं पडलेला असतो.

दुसरें कारण दुभंगलेल्या ओंठाचें व टाळूचें. आईच्या पोटांत पहिल्या तीन महिन्यांतच ओंठ व टाळू दोन्ही बाजूंनीं येऊन मध्यें जुळतात. कांहीं बालकांत हें जुळणें अपुरें राहतें. आपल्याकडे ह्याचा दोष ग्रहणास देतात. गर्भवतीनें ग्रहणांत विळी हातीं धरली, कांहीं चिरलें, म्हणून बाळाचा ओंठ कापला गेला, असें म्हणून त्या बिचाऱ्या मातेस जन्मभर बोल लावितात. ह्यांत तिळमात्र तथ्य नाहीं. ग्रहण म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ह्यांच्या सावल्यांचा खेळ; त्याचा बाळाच्या ओंठाशीं कांहीं संबंध नाहीं. आईचा ह्यांत अपराध नसतो, हें प्रत्येक घरांत मोठ्यानें सांगितलें पाहिजे.

अशा मुलांच्या संदर्भांत आपल्या शहराला एका महाराष्ट्रीय शल्यवैद्याचें स्मरण ठेवणें भाग आहे. डॉ. शरदकुमार दीक्षित हे १९३० मध्यें पंढरपूर येथें जन्मले व पुढें अमेरिकेंत स्थायिक झाले. १९६८ पासून ते भारतांत येऊन गांवोगांवीं मोफत शिबिरें भरवूं लागले. दुभंगलेले ओंठ, लोंबणाऱ्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण अशा व्यंगांवर ते एका दिवसांत अनेक शस्त्रक्रिया करीत. एका अपघातानें त्यांच्या शरीराची एक बाजू लुळी पडली, कर्करोगामुळें स्वरयंत्र काढावें लागलें, हृदयविकारानेंहि गांठलें. तरी त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. आपलें शहर तेव्हां औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जाई. लायन्स क्लबच्या पुढाकारानें येथें भरणाऱ्या त्यांच्या शिबिरांस मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आईबाप आपलीं मुलें घेऊन येत. २००१ मध्यें भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. २०११ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यानंतरहि त्यांच्या स्मरणार्थ अशीं शिबिरें येथें भरलीं आहेत. ज्या माणसाला स्वतःचा आवाज उरला नव्हता, त्यानें इतरांच्या ओंठांना हंसूं दिलें, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

परंतु ओंठ शिवला म्हणजे काम संपलें असें नाहीं. ओंठ साधारणपणें तिसऱ्या महिन्याच्या सुमारास व टाळू पुढें पहिल्या दीड वर्षाच्या आंत सांधतात. टाळूवर उरलेला व्रण आखडतो आणि वरच्या जबड्याच्या वाढीस आडकाठी करितो. मूल बारा-चौदा वर्षांचें होईतों कांहींच्या बाबतींत वरचा जबडा मागें पडतो, खालचा आपल्या गतीनें वाढतो, आणि चेहऱ्याचा मध्यभाग खोलगट दिसूं लागतो. ओंठाची शिवण उत्तम असूनहि चेहरा पुरता जुळत नाहीं. अशा वेळीं राहिलेलें काम जबड्याची शस्त्रक्रिया पुरें करिते.

ह्या शास्त्राच्या इतिहासांत महाराष्ट्राचें नांव एका वेगळ्या कारणानें येतें. इंग्रजांच्या सैन्यांतील कावसजी नांवाचा एक बैल हांकणारा टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या कुशल कारागिरानें कपाळाची त्वचा वळवून त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीगत १७९४ मध्यें लंडनच्या एका मासिकांत सचित्र छापली गेली, आणि १८१४ मध्यें कार्प्यू नांवाच्या इंग्रज शल्यवैद्यानें ह्याच रीतीनें शस्त्रक्रिया केली. त्वचा कशी वळवावी ही विद्या अशी येथून तिकडे गेली. हाड कसें सरकवावें, ही विद्या मात्र तिकडे सावकाश वाढली. १८४९ मध्यें अमेरिकेंतील हलिहेन ह्या शल्यवैद्यानें, लहानपणीं भाजल्यामुळें जिचा जबडा व्रणानें ओढला जाऊन पुढें वांकला होता अशा एका तरुणीवर, जबड्याच्या हाडाची पहिली नोंदलेली सुधारक शस्त्रक्रिया केली. १९०१ मध्यें फ्रान्समधील रने ल फोर ह्यानें मृतांच्या कवट्यांवर आघात करून, वरचा जबडा कोणत्या रेषांवर फुटतो तें शोधून काढलें. त्यांपैकीं सर्वांत खालच्या रेषेवरच आज शल्यवैद्य वरचा जबडा कापतात. पहिल्या महायुद्धांत हजारों सैनिकांचे जबडे छिन्नभिन्न झाले. त्यांच्यासाठीं १९१७ मध्यें इंग्लंडांत सिडकप येथें हॅरल्ड गिलीझ ह्याच्या देखरेखीखालीं निघालेल्या रुग्णालयांत शल्यवैद्य व दंतवैद्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर एकत्र काम करूं लागले.

खरें वळण लाविलें तें झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेसर (१९२०–२०१७) ह्यानें. त्याची १९५७ मध्यें प्रसिद्ध झालेली युक्ति स्वयंपाकघरांतील उदाहरणानें सहज समजेल. तुरीचा दाणा भरडला म्हणजे त्याच्या दोन चपट्या डाळी होतात. तशाच रीतीनें त्यानें खालच्या जबड्याची मागची बाजू उभी चिरून तिचे दोन थर केले. एक थर दुसऱ्यावर पुढें-मागें सरकतो, आणि दोहोंचा पृष्ठभाग रुंद असल्यामुळें ते पुन्हां चांगले जुळून येतात. १९७० मध्यें त्यानें वरचा व खालचा असे दोन्ही जबडे एकाच वेळीं सरकविल्याचें जाहीर केलें. कापलेला वरचा जबडा जगतो कसा, हा प्रश्न तेव्हां अनेकांस पडे. अमेरिकेंतील विल्यम बेल ह्यानें माकडांवर प्रयोग करून दाखविलें कीं, टाळूच्या व गालाच्या मऊ भागांतून त्यास पुरेसें रक्त मिळत राहतें. तेव्हांपासून ही शस्त्रक्रिया निर्धास्तपणें सर्वत्र होऊं लागली.

आतां प्रत्यक्ष उपचार कसा होतो तें पाहूं. त्याची तयारी बरीच आधीं सुरू होते. प्रथम दंतवैद्य तारा बसवून दांत आपापल्या जबड्यांत सरळ रांगेंत आणतो. ह्यास बहुधा एक ते दीड वर्ष लागतें. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते. जबड्यांतील अंतर झांकण्यासाठीं निसर्गानें दांत तिरपे करून ठेवलेले असतात. ते सरळ होतांच व्यंग कमी न होतां उलट अधिक उघडें पडतें. पुष्कळ मुलें ह्या वेळीं घाबरतात. त्यांनीं समजावें कीं, घर बांधण्याआधीं पाया खणतात, तसा हा प्रकार आहे. मग चेहऱ्याचीं क्ष-किरण चित्रें घेऊन, हल्लीं संगणकाच्या साहाय्यानें, कोणतें हाड किती सरकवावयाचें ह्याचा आराखडा केला जातो. शस्त्रक्रियेच्या दिवशीं रुग्णास पूर्ण भूल देतात. बहुतेक छेद तोंडाच्या आंतूनच घेतात, म्हणून चेहऱ्यावर व्रण दिसत नाहीं. हाड ठरलेल्या जागीं आणून टायटॅनियम धातूच्या लहान पट्ट्यांनीं व स्क्रूंनीं बसवितात. ह्या पट्ट्या येण्यापूर्वीं रुग्णाचे दोन्ही जबडे सुमारें सहा आठवडे तारांनीं बांधून ठेवावे लागत. आतां बहुधा त्याची आवश्यकता राहिलेली नाहीं. तरी पहिले कांहीं आठवडे पेज, ताक, वरणाचें पाणी ह्यांवरच काढावे लागतात. भाकरीचा तुकडा चावण्यास वैद्याची परवानगी लागते. खालच्या जबड्याच्या हाडांतून ओंठाकडे एक मज्जातंतु जातो. तो दुखावल्यामुळें खालचा ओंठ व हनुवटी कित्येक महिने बधिर राहूं शकतात, आणि क्वचित् थोडा बधिरपणा कायमचाहि राहतो. ही गोष्ट आधींच विचारून घ्यावी; झांकून ठेवूं नये.

ज्यांच्या जबड्याची वाढ फारच खुंटली आहे अशांसाठीं आणखी एक उपाय आहे. रशियांतील कुर्गान येथें इलिझारॉव्ह नांवाच्या वैद्यानें पायाचें हाड कापून, त्याचीं दोन टोंकें दररोज सुमारें एक मिलिमीटर ह्या गतीनें दूर नेल्यास मधल्या फटींत नवें हाड भरतें, हें सिद्ध केलें होतें. न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी ह्यानें १९९२ मध्यें हीच रीति मुलांच्या खालच्या जबड्यावर यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध केलें. लहानपणीं पडून ज्यांचा सांधा आखडला, त्यांचा सांधा आधीं मोकळा करून मग अशा रीतीनें हनुवटी पुढें आणतां येते.

आतां मुख्य प्रश्न: हाड सरकल्यानें चेहरा कसा पालटतो?

(१) वरचा जबडा पुढें आणल्यास नाकाच्या दोन्ही बाजूंची खोलगट जागा भरून येते, गाल उठावदार दिसतात, वरच्या ओंठास आंतून आधार मिळतो. हाड जितकें पुढें येतें त्याच्या सुमारें अर्ध्याहून अधिक ओंठ पुढें येतो. नाकाचें टोंक किंचित् उचललें जातें व नाकपुड्या थोड्या रुंदावतात. त्या फार रुंदावूं नयेत म्हणून शल्यवैद्य आंतून एक टांका घालून ठेवतो.

(२) पुढें आलेला खालचा जबडा मागें नेल्यास हनुवटी व खालचा ओंठ मागें जातात. हनुवटीची त्वचा हाडाबरोबर जवळजवळ तितकीच सरकते. परंतु जबडा फार मागें नेला तर जिभेमागील श्वासाची वाट अरुंद होण्याचा संभव असतो. म्हणून खालचा जबडा थोडा मागें व वरचा थोडा पुढें, असा मध्यम मार्ग पुष्कळदां पत्करला जातो.

(३) मागें राहिलेला खालचा जबडा पुढें आणल्यास हनुवटीखालची रेषा स्पष्ट होते, मान लांब भासते, खालच्या ओंठाखालची खोल वळी उथळ होते. श्वासाची वाट मोकळी होऊन घोरणेंहि कमी होऊं शकतें.

(४) ज्याच्या हंसण्यांत दांतांपेक्षां हिरड्याच अधिक दिसतात व ओंठ प्रयत्नावांचून मिटत नाहींत, त्याचा वरचा जबडा उंचीला वाजवीपेक्षां जास्त वाढलेला असतो. तेथील हाडाची एक चकती काढून जबडा वर बसविला कीं, खालचा जबडा आपल्या सांध्याभोंवतीं फिरून वर व पुढें येतो. हनुवटीला हात न लावतां ती पुढें आलेली दिसते, आणि ओंठ सहज मिटतात.

(५) वांकड्या चेहऱ्यांत दोन्ही जबड्यांची मध्यरेषा जुळवितात, आणि जरूर पडल्यास हनुवटीचें हाड तेवढें वेगळें सरकवितात.

ह्या सर्व प्रकारांत हाड सरकतें तें बहुधा थोड्याच मिलिमीटरांनीं, म्हणजे ज्वारीच्या एका किंवा दोन दाण्यांएवढें. एवढ्या अल्प अंतरानें मुखचर्या अशी पालटते कीं, लांबचे ओळखीचे लोक क्षणभर थांबून पाहतात. पण पहिल्या दिवशींच हा पालट दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. प्रथम सर्व चेहरा सुजतो. आरशांत कोणी तिऱ्हाईतच पाहत आहे असें वाटतें, आणि उगीच ह्या भानगडींत पडलों असेंहि मनांत येतें. पहिल्या कांहीं आठवड्यांत बरीच सूज उतरते; चेहरा पूर्णपणें स्थिरावण्यास सहा महिने ते एक वर्ष लागतें. ह्या काळांत घरच्यांनीं धीर धरावा व धीर द्यावा. कपाळ, डोळ्यांतील भाव, वर्ण, स्वभाव ह्यांतलें कांहींहि शस्त्रानें बदलत नाहीं. ज्याला हंसतांना तोंडावर हात नेण्याची वर्षानुवर्षें संवय जडली आहे, त्याचा हात शस्त्रक्रियेनंतरहि कित्येक महिने आपोआप वर जातो. तो हात खालीं आणण्याचें काम शल्यवैद्याचें नव्हे. तें आईबापांचें, शिक्षकांचें आणि सोबत्यांचें आहे.

पालकांस चार गोष्टी सांगतों. मूल हनुवटीवर पडलें तर टांके घालून थांबूं नये. कानापुढील सांध्याची तपासणी करून घ्यावी आणि वैद्य सांगेल त्याप्रमाणें तोंड उघडण्याचा व्यायाम न चुकवितां करवावा. साधी कसोटी अशी: मुलाचीं स्वतःचीं तीन बोटें, एकावर एक उभीं धरून, त्याच्या तोंडांत मावलीं पाहिजेत. दुसरें, अंगठा चोखणें किंवा तोंडानें श्वास घेणें शाळेच्या वयांतहि चालूं राहिलें, किंवा वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास वरचे व खालचे दांत उलटे बसूं लागले, तर दंतवैद्यास दाखवावें. त्या वयांत कित्येकदां शस्त्रावांचून काम भागतें. तिसरें, जबड्याची नेहमीची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच करावी, म्हणजे मुलींच्या बाबतींत बहुधा सोळा-सतराव्या व मुलांच्या बाबतींत अठराव्या वर्षानंतर. घाई केल्यास जबडा पुढेंहि वाढत राहून केलेलें काम बिघडतें. सांधा आखडल्यामुळें तोंडच उघडत नसेल तर मात्र वाट पाहत बसूं नये. चौथें, लग्न जमण्यासाठीं किंवा सिनेमांतील एखाद्या मुखासारखें मुख व्हावें म्हणून ही शस्त्रक्रिया करण्याच्या भरीस पडूं नये. पुष्कळशी विसंगति केवळ दांतांना तारा लावूनहि सुधारते.

उपचारासाठीं फार लांब जाण्याचेंहि कारण नाहीं. ‘घाटी’ ह्या नांवानें सर्वांस परिचित असलेलें आपलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्यें स्थापन झालें, आणि शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्यें. मुख व जबडा ह्यांची शस्त्रक्रिया हा दंतविद्येच्या उच्च शिक्षणांतील एक स्वतंत्र विषय आहे. शिवाय २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुलांची तपासणी करितात, आणि तपासावयाच्या व्यंगांच्या यादींत दुभंगलेला ओंठ व टाळू ह्यांचा समावेश आहे. पथक शाळेंत येईल त्या दिवशीं मूल लाजेनें घरीं ठेवूं नये. त्याच दिवशीं त्यानें आवर्जून शाळेंत यावें.

विद्यार्थी मित्रहो, आतां पुन्हां त्या छायाचित्राकडे वळा. जो मुलगा पुढच्याच्या खांद्याआड लपला आहे त्याचा जबडा सरकविणें तुमच्या हातीं नाहीं. त्याचें टोपणनांव आजपासून न उच्चारणें मात्र सर्वस्वी तुमच्या हातीं आहे. कदाचित् तो लहानपणीं पडला असेल. कदाचित् त्याच्या आईनें एका विळीचा बोल वर्षानुवर्षें सोसला असेल. पुढील वर्षीं छायाचित्रकार आला म्हणजे त्याला आपल्या शेजारीं, पहिल्या रांगेंत बसवा. शस्त्रक्रिया जेव्हां व्हावयाची तेव्हां होईल, किंवा तिची गरजहि पडणार नाहीं. पण त्या चेहऱ्यानें मान वर करावी, ह्यासाठीं वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत थांबण्याचें कांहींच कारण नाहीं.